पन्नास लिराच्या नोटेवरील फातमा आलिये

उमराहून परतताना माझा धाकटा भाऊ तीन दिवस इस्तंबूलला थांबला होता. आबे-झमझम आणि खजुरांबरोबर पन्नास लिराची एक नोटही त्याच्या सामानात निघाली. मागच्या बाजूला एका बाईंचे चित्र आणि नाव : फातमा आलिये. या कोण, म्हणून मी वाचत गेले.

तुर्कस्तानने २००५ साली लिरावरची सहा शून्ये काढून टाकली आणि २००९ पासून नव्या रचनेच्या नोटा आणल्या. सहाही नोटांवर पुढे अतातुर्क. मागे मात्र कुणी गणिती, कुणी संगीतकार, दोनशेच्या नोटेवर सूफी शायर युनूस एमरे. या मागच्या सहा जणांत स्त्री एकच.

फातमा आलिये (१८६२–१९३६) या अहमद जेवदेत पाशांच्या कन्या. पाशा मोठे आलिम. उस्मानी सल्तनतीचा ‘मजल्ला’ हा दिवाणी कायदा तयार करणाऱ्या मंडळाचे प्रमुख. मुलगी लपून फ्रेंच शिकते हे कळल्यावर त्यांनी तिला अडवले नाही. लग्नानंतर मात्र पतीने कादंबऱ्या वाचायलाच मनाई केली. त्यांचे मन वळायला दहाएक वर्षे लागली. मग फातमांनी एका फ्रेंच कादंबरीचा तुर्की अनुवाद छापला. त्यावर नावाच्या जागी काय होते? ‘बीर हानम’. म्हणजे ‘एक खातून’.

१८९२ मध्ये ‘मुहादरात’ ही कादंबरी त्यांच्या स्वतःच्या नावाने आली. तरी लोक कुजबुजतच राहिले, की हे लिखाण बापाचे किंवा भावाचे असणार! त्याच सुमारास ‘निस्वान-ए-इस्लाम’ या पुस्तकात त्यांनी युरोपीय पाहुण्या बायकांशी झालेली संभाषणे मांडली. मुस्लिम स्त्रीविषयीचे गैरसमज तिनेच बोलून दूर करावेत, हे मला फार आवडले.

(महागाईने लिरा इतका घसरला आहे, की या नोटेत आता फारसे काही येत नाही. म्हणूनच ती खर्चायची राहिली असावी.)

ते ‘एक खातून’ माझ्या मनातून जाईना. आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांत लग्नपत्रिकेवर नवरीचे नाव नसते. ‘अमक्यांची दुख्तर’ एवढेच. नवऱ्या मुलाचे नाव मात्र ठळक, पदवीसकट. विचारले तर उत्तर ठरलेले : बेपर्दगी होते. पण हजरत आयशा (रजि.) यांचे नाव हदीसच्या ग्रंथांत शतकानुशतके उघड लिहिले-वाचले जाते. निकाहाच्या वेळी काझीसाहेबही भर मजलिशीत नवरीचे नाव घेतातच की!

शव्वालमध्ये माझ्या मुलीचा निकाह आहे. पत्रिकेचा मजकूर मी स्वतः लिहिला. तिचे नाव पहिल्याच ओळीत. तिच्या अब्बांनी तो दोनदा वाचला आणि काही न बोलता छापखान्यात न्यायच्या पिशवीत ठेवला.