अंगठा आणि अनुमती

इंदूरच्या न्यायालयात वीस वर्षे वावरल्यावर एक गोष्ट मी पुनःपुन्हा पाहिली आहे : पुष्कळ माणसे कागदावर अंगठा आधी उठवतात आणि त्यांत काय लिहिले आहे हे विचारावयास मागाहून वकिलाकडे येतात. खरेदीखतात असे घडले तर जमीन जाते. नव्या औषधाच्या चाचणीत घडले तर देहच पणाला लागतो. डॉक्टरांपुढे बसलेला गरीब रुग्ण ‘आपण म्हणाल तसे’ म्हणतो, ते उपचार समजून. औषधाची अद्याप पारख चालली आहे, कदाचित आपल्या वाट्याला औषध नसलेली गोळी येईल, हे त्याच्या ध्यानीही नसते.

ह्याच इंदुरातील स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०१३ साली न्यायालयाने संमतीचे दृक्-श्राव्य मुद्रण करण्याचा आदेश दिला. २०१९ च्या नियमांत ते मुद्रण मुख्यतः नव्या रासायनिक द्रव्यांच्या चाचणीतील दुर्बळ व्यक्तींपुरते आहे. निरक्षरासाठी निःपक्षपाती साक्षीदारही आहे.

चाचणीवाचून औषध सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कॅमेऱ्याला होकार दिसतो, त्यामागची भीती दिसत नाही. ‘नाही म्हटले तर माझे औषधपाणी थांबेल का?’ असे रुग्णाने निर्धास्तपणे विचारावे, आणि ‘थांबणार नाही’ हे उत्तर त्याला खरे वाटावे. एवढे झाले, तरच त्या होकाराला मी संमती म्हणेन.