चला, लॅमिंग्टन रोडला!

दोस्तांनो, मंडईत जशी भाजी सुटी मिळते, मेथीची जुडी या गाळ्यावर आणि लिंबं त्या गाळ्यावर, तसा आख्खा कॉम्प्युटर सुटा मिळणारा एक रस्ता मुंबईत आहे. कमी पैशात गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर जुळवायचा असेल, तर तिथे एक चक्कर मारायलाच हवी. चला तर माझ्याबरोबर!

पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडायची आणि ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडे बाहेर पडायचं. थोडं चाललं की पाटी दिसते ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’. पण कुणालाही विचारा, तो ‘लॅमिंग्टन रोड’च म्हणणार. हे लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तिकडे चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेल्या एका केकला लॅमिंग्टन म्हणतात. तो त्यांच्याच घराण्याच्या नावावरून, असं मानतात. म्हणजे मुंबईत रस्ता आणि ऑस्ट्रेलियात केक! याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १९७५ साली लागलेला ‘शोले’ तिथे पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. मिनर्व्हा आता राहिलं नाही. रस्त्यावरची गर्दी मात्र हटलेली नाही. ती आता रेडिओच्या, कॅमेऱ्याच्या आणि कॉम्प्युटरच्या दुकानांत शिरते.

रविवारी जाऊ नका बरं का, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि रिकाम्या डोक्यानेही जाऊ नका. काऊंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘बजेट किती?’ तुम्ही मात्र त्याआधी स्वतःला दुसराच प्रश्न विचारायचा, ‘मला खेळायचंय काय?’ प्रत्येक गेमसोबत त्याला किमान काय लागतं आणि चांगलं चालायला काय लागतं, याची यादी दिलेली असते. ‘माइनक्राफ्ट’ची भूक थोडी. ‘फोर्झा होरायझन ५’सारखा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड मागतो आणि डिस्कवर शंभर जीबीहून जास्त जागा खातो.

एवढी भूक कशाला? चला, एक गणित करू. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २० लाख ७३ हजार ६००. गेम झटके न देता चालायला हवा, तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नवं काढावं लागतं. पुन्हा गुणा: १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके, दर सेकंदाला! हे रंगकाम ग्राफिक्सची चिप करते. गेममधली गाडी कुठे वळली, कुणाला धडकली, हा हिशेब प्रोसेसर ठेवतो. हाताशी लागणारी माहिती रॅममध्ये असते. उरलेलं सगळं सामान एसएसडीत.

आता मुख्य गोष्ट ऐका. बैलगाडीला एक बैल दमदार आणि दुसरा मरतुकडा जोडला, तर गाडी कुणाच्या चालीने चालेल? मरतुकड्याच्याच. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. सगळे पैसे महागड्या प्रोसेसरमध्ये ओतले आणि ग्राफिक्स हलकं घेतलं, तर तो प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो.

शिवाय भाग एकमेकांना जुळायला हवेत. एएमडी कंपनीचा एएम४ हा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, २०१६ साली आला. त्याला डीडीआर४ रॅम लागते. २०२२चा एएम५ फक्त डीडीआर५ घेतो. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांवरची चीर वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. नावाच्या शेवटच्या अक्षराकडेही नीट बघा. एएमडीच्या ‘रायझन ५ ५६००जी’मधला ‘जी’ सांगतो, की ग्राफिक्स पोटातच आहे. इंटेलच्या ‘आय३-१२१००एफ’मधला ‘एफ’ सांगतो, की ते नाही. ‘एफ’वाला घेतला आणि वेगळं कार्ड घेतलं नाही, तर पडदा काळाच राहणार!

जून २०२४मध्ये मी माझ्या भाच्याबरोबर तिथे गेलो होतो. तो नुकताच दहावी झाला होता आणि ताईने भिशीचे पंचेचाळीस हजार त्याच्या हातात दिले होते. वरून तंबी, ‘यातच सगळं बसव. आणि अकरावीचा अभ्यासही त्याच्यावरच करायचाय.’ तीन दुकानांत आम्ही कोटेशन काढली. तिसऱ्या दुकानात काचेचं कॅबिनेट मांडून ठेवलेलं, आत लाल-निळे दिवे फिरतायत. पोरगं हरखलं. दुकानदाराने हिशेब केला. हे कॅबिनेट आणि छोटंसं ग्राफिक्स कार्डही बसत होतं, पण मग रॅम निम्मी करायची आणि एसएमपीएस साधा घ्यायचा.

हा एसएमपीएस म्हणजे डब्याच्या कोपऱ्यातली पेटी. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून पुरवते. दिसायला काहीच नाही. पण ती कच्ची निघाली, तर मदरबोर्डासकट बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकते. म्हणून नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस’ अशी खूण असलेला आणि काही वर्षांची वॉरंटी असलेला घ्यावा.

भाचा बराच वेळ गप्प होता. मी मुद्दामच काही बोललो नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी तो म्हणाला, ‘मामा, कार्ड आत्ता नको. ‘जी’वाला प्रोसेसर घेऊ, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, एसएमपीएस चांगला. कार्डची जागा रिकामी राहू दे. ते मी नंतर घेईन.’ दोन पट्ट्या का, ठाऊक आहे? पोटातलं ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, आणि दोन पट्ट्या म्हणजे ये-जा करायला दोन रस्ते. साध्या काळ्या कॅबिनेटची पिशवी छातीशी धरून आम्ही स्टेशन गाठलं. हलके गेम त्याच्यावर छान चालतात. शर्यतीचा गेम अजून थांबलाय.

तुम्ही जाल तेव्हा भाव वेगळे असतील. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असेच भडकले, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना मेमरी भरमसाट लागू लागली. म्हणून जुन्या भावावर विसंबू नका, जाण्याच्या आदल्या दिवशी ताजे भाव काढा. दुकानदाराने सांगितलेला भाव जीएसटी धरून आहे की सोडून, हेही विचारा. कॉम्प्युटरच्या भागांवर तो १८ टक्के आहे. पाच हजारांची वस्तू बिलावर ५,९०० होते! तरी पक्कं बिल घ्याच. बिलावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा, कारण वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

जुनी कार्डंही तिथे स्वस्तात मिळतात. २०२२च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी अनेकांनी अशी कार्डं रात्रंदिवस राबवली, आणि मग ती विकायला काढली. जुनं घ्यायचंच असेल, तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. पंखा घरघरतो का, ऐका.

तेव्हा दोस्तांनो, निघण्याआधी वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात लिहा ‘आत्ताच हवं’ आणि दुसऱ्यात ‘नंतर चालेल’. मदरबोर्ड आणि एसएमपीएस पहिल्या रकान्यात, कारण ते पुन्हा पुन्हा बदलता येत नाहीत. रंगीत दिवे दुसऱ्यात. तो कागद खिशात असला, की काऊंटरवरच्या झगमगाटातही तुमचं डोकं ठिकाणावर राहील. आणि घरच्यांनी कुठून कुठून जमवलेले पैसे योग्य जागी लागतील. मग, काय काय लिहिताय पहिल्या रकान्यात?