येवल्याचा माग आणि वेबएम

येवल्यात हातमागावर पैठणी विणली जात असताना प्रस्तुत लेखकाने विणकरांना विचारून मोबाइलवर थोडे चित्रण केले. मराठी विकिपीडियावरच्या लेखाला ते जोडावे, एवढाच बेत. पण मोबाइलने दिली एमपी४ फाइल, आणि विकिपीडियाच्या चित्रफिती जिथे ठेवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर एमपी४ चालत नाही, वेबएम चालतो. २०१४ मध्ये तिथल्या सदस्यांनी यावर मतदान घेतले, कौल नकाराचाच आला. तंत्रात खोट नव्हती, आतल्या एच.२६४ कोडेकवर पेटंटे होती, आणि मुक्त ज्ञानाच्या भांडारात ती नकोत, असे बहुतेकांचे म्हणणे पडले.

"मामा, नाव बदलून टाक ना, डॉट वेबएम कर," भाचा म्हणाला आणि करूनही मोकळा झाला. फाइल अर्थातच स्वीकारली गेली नाही.

एमपी४, एमकेव्ही, वेबएम हे नुसते डबे. चित्र, आवाज, उपशीर्षके एकत्र ठेवायची आणि त्यांची वेळ जुळवायची, एवढेच त्यांचे काम. चित्र दाबून लहान करतो तो कोडेक. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएम्पेग या रूपांतराच्या प्रोग्रामला 'फक्त कॉपी कर' असे सांगितले, तर एमपी४ची एमकेव्ही काही क्षणांत झाली. चित्राला धक्काही लागला नाही. वेबएमला मात्र एफएफएम्पेग अडून बसले: चित्र व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१मध्येच हवे, आवाज व्हॉर्बिस किंवा ओपसमध्ये. गूगलने २०१०मध्ये आणलेला वेबएम एमकेव्हीच्याच घराण्यातला, पण सोवळे कडक.

म्हणजे चित्र उलगडून व्हीपी९मध्ये पुन्हा दाबणे आले. कोडेक अधूनमधून एक पूर्ण चौकट साठवतो, मधल्या चौकटींत बहुतांशी बदल तेवढा टिपतो. मागाची लाकडे स्थिर, भिंत स्थिर. ती फुकटात निघाली. जरीने मात्र छळले. प्रकाश हलला की पदरावरचा मोर प्रत्येक चौकटीत वेगळा चमकतो, आणि बिट अपुरे पडले की त्याची पिसे धुरकट होतात. दर्जाचा आकडा, सीआरएफ, ३१ ठेवला तेव्हा नेमके तेच झाले. इथे आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल जड. २४ वर पिसे सुटी दिसू लागली.

२०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ने त्याच दर्जाची फाइल आणखी लहान झाली असती, पण जुन्या लॅपटॉपला ते काम फारच जड गेले. व्हीपी९ची प्रत कॉमन्सवर चढली. मूळ एमपी४ हार्ड डिस्कवर तशीच ठेवली आहे. पुढे एव्ही१ करायचे तर त्याच फाइलवरून, कारण प्रत्येक दाबणीत थोडी जर गळतेच.