मांडव्याची जोडनौका

हळ्ळीखेडकरांचा समुद्र म्हणजे कारंजाचा जलाशय. म्हणून मुंबईहून मांडव्यास कॅटामरानने जाताना, ती फारशी डोलत नाही याचे आम्हांस नवल वाटले. दोन अरुंद होड्या शेजारी जोडल्यासारखी तिची घडण. रुंद बैठकीमुळे ती सहसा कलत नाही. परंतु याच घडणीची लहान, मागे इंजिन टांगलेली बोट अतिवेगात एकाएकी वळविली, किंवा खालून वारा शिरून तिचे नाक उचलले गेले, तर ती उलटते; आणि उलटली की आपोआप सुलटी होत नाही. म्हणून अशा बोटीत चालकाच्या अंगास दोरी अडकवितात. तो पडला की इंजिन थांबते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातच एक वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून १५ जीव गेले. वाचकहो, बोट स्थिर असली तरी लाइफ जॅकेट घालावे. गालीलच्या वादळात प्रभू नावेत होता. तरी नाव हाकण्याचे काम शिष्यांचेच होते.