पांढरी एक म्हणजे शून्य

संगीतातलं मला कळतं, हा माझा समज फार जुना आहे. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात वडिलांची पेटी होती. तिच्यावर मी वर्षानुवर्षं एकच भैरवी वाजवत आलो. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त बिऱ्हाडं बदलली. अशा घरात १९८६ साली माझा भाचा एक कॉम्प्युटर घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, यावर गाणं करतो."

भाचा शिकायला आमच्याकडेच राहत होता. यंत्र त्याच्या काकांनी विलायतेहून आणलेलं. नाव सिंक्लेअर स्पेक्ट्रम. आकार वहीएवढा, बटणं रबराची, स्मरणशक्ती ४८ के. ४८ के म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आपली स्वतःची किती, हे तरी कुणाला ठाऊक असतं? पडदा म्हणून त्याला आमचा टीव्ही लागे आणि प्रोग्रॅम साठवायला आमचा टेपरेकॉर्डर. आमच्या हिने दोन्ही दिले, पण बुधवारी चित्रहारच्या आत टीव्ही परत, या अटीवर.

जोडीला एक मित्र होता. त्याच्याकडे कॅसिओचा व्हीएल-टोन, म्हणजे अर्धा बाजा आणि अर्धा कॅल्क्युलेटर. दोघांनी पार्टी काढली. पार्टीला नाव शोधण्यात पंधरा दिवस गेले आणि नाव शेवटपर्यंत सापडलं नाही.

स्पेक्ट्रमला गायला लावायचं तर 'बीप' असा हुकूम द्यायचा, मग दोन आकडे. पहिला आकडा सूर किती सेकंद लावायचा त्याचा, दुसरा पट्टीचा. मधली पांढरी एक म्हणजे शून्य, काळी एक म्हणजे एक, असं मोजत जायचं. एका वेळी एकच सूर, आणि तो लागलेला असताना यंत्र दुसरं काहीही करत नाही. हा गुण मला आमच्या बऱ्याच गवयांत आढळला नव्हता.

तरीही मी म्हणालो, "हे संगीत नव्हे. यात श्रुती कुठे आहेत?"

"मामा, आकडा पूर्णच पाहिजे असं काऊन?" भाच्याने बीप दोन, स्वल्पविराम, दोन पॉइंट आठ असं टाइप केलं. कोमल गंधाराच्या जरासा खाली, दरबारीचा अतिकोमल गंधार दोन सेकंद लागला आणि थांबला. "आता तुमच्या पेटीवर काढा."

पेटीवर तो निघत नाही. पेटीला एका सप्तकात १२ घरं. मधल्या भिंतीत कुणाला राहता येत नाही. याच दोषासाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. ज्या वाद्याला तीस वर्षं रेडिओने दारात उभं केलं नाही, त्यामागे बसून मी एका पोराला संगीताची व्याख्या सांगत होतो!

त्या वर्षी गणपतीत त्यांना पाच मिनिटं मिळाली. दिवस बुधवार, म्हणजे आमच्याकडे बाजाराचा. पिशव्या घेतलेली गर्दी मंडपात उभी. टीव्ही मंडपात, आमची ही त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन. गाणं सुरू व्हायला आणि वीज जायला एकच गाठ. वीज आली, पण ४८ के कोरे. कॅसेटवरून पुन्हा भरायला चार-पाच मिनिटं लागणार. टेपच्या वायरीला माइकवाल्याने आपली एक वायर जोडलीच होती. लाउडस्पीकरमधून आधी लांबलचक शिट्टी आली, मग कढईत शंभर चिमण्या तळाव्यात तसा आवाज. भाचा ओरडला, "अहो, हे गाणं नाही!" माइकवाला म्हणाला, "वाजू द्या नं भाऊ, पब्लिक ऐकून राहिली."

पब्लिकने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आरतीची वेळ झाली. मित्राचा व्हीएल-टोन खजिनदार वर्गणीच्या बेरजेला घेऊन गेले. गाणं राहिलं ते राहिलंच. घरी येताना मी म्हणालो, "आता अभ्यासाला लागा." पोरं लागली.

पुढे कळलं, की मुंबईत चरणजित सिंग या सिनेमाच्या वादकाने १९८२ सालीच रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले होते. त्यातल्या टीबी-३०३ ला सुरावरून सुरावर घसरता येई, म्हणजे पेटीला न येणारी मींड येई. एचएमव्हीने तबकडी काढली, कुणी विचारलं नाही. शिकागोत त्याच यंत्रातून 'अॅसिड हाउस' निघालं, ते नंतर. २०१० साली तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. विलायतेत तर पीट शेली या गायकाने १९८३ साली आपल्या तबकडीवर शेवटी स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅमच घातला होता. म्हणजे तळलेल्या चिमण्या विकत घेणारेही होते!

हे वाचून भाच्याचा फोन आला. "मामा, ती कॅसेट आहे का?"

कॅसेट होती. तिच्यावर मी रेडिओवरून नाट्यगीत उतरवून घेतलं होतं. माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं. गाणं पोरांनी एकदाच केलं होतं, घराबाहेर कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते मीच पुसलं होतं.

दिवाळीत भाचा आला, तेव्हा घाबरत घाबरत ती लावली. नाट्यगीत संपलं, खट् झालं, आणि पुढे अर्धा मिनिट चिमण्या चिरकल्या.

"हे गाणं नाही मामा, शेपूट आहे नुसतं. यातून काही निघत नाही."

"असू दे," मी म्हणालो. "मागे घे. पुन्हा लाव."