गोटहार्डचा घाट

मराठीत ‘घाट’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. नदीवर पायऱ्यांनी उतरतो तोही घाट आणि डोंगर ओलांडून जातो तोही घाटच. वर्गात हा शब्द समजावून सांगताना मी नेहमी नाशिक आणि खंडाळा अशी दोन उदाहरणे देत आलो. स्वित्झर्लंडमधला गोटहार्डचा घाट पायी ओलांडल्यापासून मात्र एकाच उदाहरणावर भागते. कारण हा घाट एका नदीपासून निघतो आणि दुसऱ्या नदीपाशी संपतो. अलीकडची रॉयस नदी ऱ्हाईनच्या संगतीने उत्तर समुद्राला जाते. पलीकडची तिचिनो पो नदीला मिळून एड्रियाटिकला. माथ्यावर उभे राहून उजव्या-डाव्या हाताने दोन चुळा टाकल्या तर त्यांची पुन्हा गाठ पडायची नाही!

खरे म्हणजे गोटहार्ड आता ओलांडावा लागतच नाही. १८८२ साली त्याच्या पोटातून पंधरा किलोमीटरचा आगगाडीचा बोगदा सुरू झाला. १९८० साली मोटारींसाठी जवळजवळ सतरा किलोमीटरचा झाला आणि २०१६ साली सत्तावन्न किलोमीटरचा तिसरा, अगदी पायथ्याशी. त्यातून गाडी वीसएक मिनिटांत पलीकडे निघते. आमचे मेहुणे झुरिचला वीस वर्षे आहेत. त्यांनी इटलीच्या अनेक वाऱ्या केल्या, पण माथा पाहिलेला नव्हता. “पंख्याखाली बसायचे सोडून छतावर कोण चढतो?” हा त्यांचा प्रश्न.

पण भाच्याने आमची बाजू घेतली आणि बेत असा ठरला : भाच्याने सायकल आगगाडीत घालून पलीकडच्या आयरोलो गावी जायचे आणि दक्षिणेकडून चढायचे. मी अलीकडून पायी. मेहुण्यांनी आमच्या सौभाग्यवतींना घेऊन मोटारीने. भेट माथ्यावर. सौ.च्या गुडघ्यांनी तिच्यापुरता प्रश्न आधीच निकालात काढला होता.

आदल्या दिवशी आम्ही सगळेच गोशेनेनहून शोलेनेनच्या घळीतून वर गेलो. हिच्यामुळेच गोटहार्ड शतकानुशतके अडून होता. दोन्ही बाजूंना ग्रॅनिटच्या भिंती आणि मधून रॉयस अशी कोसळते की, शेजाऱ्याशीही ओरडून बोलावे. तेराव्या शतकात इथे लाकडी पूल झाला आणि दक्षिणेची वाट मोकळी झाली. त्याला म्हणतात सैतानाचा पूल. कथा अशी की, उरी परगण्यातल्या लोकांना पूल काही जमेना, तेव्हा सैतानच म्हणाला, “मी बांधतो, मात्र पुलावरून पहिला जाईल तो जीव माझा.” पूल झाला आणि लोकांनी पुढे हाकलला बोकड! संतापलेल्या सैतानाने पूल फोडायला प्रचंड धोंडा उचलला. वाटेत एका म्हातारीने त्यावर क्रूस काढला आणि त्याला तो तिथेच टाकावा लागला.

हा धोंडा गोशेनेनला आजही आहे. वजन सुमारे दोनशे वीस टन. मोटाररस्त्याच्या आड येतो म्हणून १९७७ साली तो फोडायचा घाटत होते. लोक हटून बसले आणि शेवटी एकशे सत्तावीस मीटर बाजूला सरकवला. कथेवर विश्वास नसताना कथेसाठी एवढा खर्च करणारे लोक मला आवडले. सौ.चे म्हणणे निराळे : “त्या बोकडाचा जीव गेला, त्याचे काही नाही कुणाला!”

पुलाजवळच्या कड्यात एक मोठा क्रूस कोरला आहे. १७९९च्या सप्टेंबरात रशियाचा सेनापती सुवोरोव, वय सत्तरीला टेकलेले, दक्षिणेकडून गोटहार्ड चढून आला आणि इथे त्याच्या सैन्याची फ्रेंचांशी झुंज झाली. त्या मेलेल्यांचे ते स्मारक. थोडे वर खडकात एक भोक आहे, ‘उर्नरलोख’. १७०८ साली पुरे झालेला हा चौसष्ट मीटरचा बोगदा आल्प्समधला रस्त्यासाठीचा पहिला. चौसष्ट मीटरपासून सत्तावन्न किलोमीटरपर्यंत माणसाने मजल मारली, तिची सुरुवात ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होस्पेंटाल गावच्या जुन्या बुरुजापासून निघालो. इथल्या पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर अंतर नसते, वेळ असतो. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. चढावर किलोमीटरला काय अर्थ? मात्र पाटीवरचे तास स्विस पायांचे आहेत. पन्नाशीकडे झुकलेल्या मराठी प्राध्यापकाने त्यात निम्मे आणखी मिळवावेत.

वाट खेचरांची. आपल्याकडच्या लमाणांच्या तांड्यांसारखे इथे खेचरांचे तांडे चालत. दक्षिणेकडून दारू आणि तांदूळ, उत्तरेकडून चीज. मालाची ने-आण करायचा हक्क गावोगावच्या मंडळ्यांकडे असे आणि त्यावर खोरेच्या खोरे जगे. पुढे १८३०च्या सुमारास गाडीरस्ता झाला, टपालाच्या घोडागाड्या धावू लागल्या. झुरिचच्या कलादालनात रुडॉल्फ कोलर या चित्रकाराचे १८७३चे चित्र आहे : टपालाची गाडी भरधाव घाट उतरते आहे आणि पुढ्यात एक वासरू जीव घेऊन पळते आहे. हे चित्र भेट दिले गेले आल्फ्रेड एशर यांना. म्हणजे ज्यांनी आगगाडीचा बोगदा काढायचा ध्यास घेतला होता त्यांनाच! बिचाऱ्या घोड्यांना ठाऊक नव्हते, त्यांची नऊच वर्षे उरली होती.

दुपारी माथ्यावर पोचलो. उंची २१०६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटर अधिक. दोन-तीन निळी तळी, प्रवाशांसाठीची जुनी धर्मशाळा, मोटारसायकलींची रांग आणि बोचरा वारा. मेहुणे मोटारीतून उतरून केव्हाचे तळ्याकडे पाहत होते. “वीस मिनिटांत बोगद्यातून जातो तेव्हा हे सगळे आपल्या डोक्यावर असते होय!” एवढेच म्हणाले. थोड्याच वेळात भाचा आला, घामाने निथळत. दक्षिणेकडच्या जुन्या रस्त्याला त्रेमोला म्हणतात. चोवीस वळणे आणि ग्रॅनिटच्या ठोकळ्यांची फरसबंदी. “आतोबा, हात अजून थरथरताहेत!” मी म्हणालो, “अरे, त्रेमोला म्हणजे थरथर. नाव वाचूनच कळायला हवे होते.” शिक्षकाची खोड!

मंडळींना मोटारीने आल्या वाटेने पाठवून मी एकटाच दक्षिणेला उतरलो. वळणे छेदत जाणारी पायवाट आहे. सकाळी भेटणारे ‘ग्र्युएत्सी’ म्हणत होते. आता ‘बोंजोर्नो’ ऐकू येऊ लागले. पाट्यांची भाषा बदलली, घरांची छपरे बदलली. देश एकच, पण चार तासांच्या चालीत जर्मन संपून इटालियन सुरू होते. बोगद्यातून जाताना ही सीमा अंधारात निघून जाते.

आयरोलोच्या स्टेशनपाशी पोचायला पाच वाजले. तिथे एक ब्राँझचे शिल्प आहे. कामगार आपल्या मेलेल्या सोबत्याला उचलून नेत आहेत. विन्चेंझो वेला या शिल्पकाराने हे कोणी सांगितलेले नसताना घडवले. १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत त्या पहिल्या बोगद्याने सुमारे दोनशे माणसे खाल्ली. बहुतेक इटालियन मजूर. आत उकाडा, धूर, सुरुंग. वर पोटातल्या अंकुशकृमींनी रक्त आटून माणसे पांढरीफटक पडत. १८७५ साली गोशेनेनला त्यांनी काम थांबवले, तेव्हा गोळीबारात चौघे गेले. ठेकेदार लुई फाव्र हाही १८७९ साली बोगद्यातच हृदय बंद पडून गेला. पुढच्या वर्षी दोन्हीकडचे खणणारे भेटले, तेव्हा पहिल्या भोकातून त्याची तसबीर पलीकडे दिली गेली म्हणतात.

मला आमचा बोरघाट आठवला. १८६३ साली तिथून आगगाडी सुरू झाली. त्याचा ठेकेदार ट्रेडवेल हाही काम अर्धे टाकून १८५९ साली वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका पुढे चालवला. पटकीने तिथे मजूर किड्यामुंगीसारखे मेले. मी खंडाळ्याला लहानपणापासून जातो. राजमाची पाहिली, नागफणी पाहिली, चिक्की तर किती खाल्ली. त्या मजुरांच्या नावाचे असे शिल्प काही माझ्या पाहण्यात नाही.

गाडी आली. खिडकीत काळोख झाला आणि दिवसभर ज्याच्या अंगावरून चाललो, त्याच्या पोटातून गाडी उत्तरेला निघाली. समोरच्या बाई वर्तमानपत्रातले कोडे सोडवत होत्या. त्यांचे दोन शब्द व्हायच्या आत गोशेनेन आले. फलाटावर सौ. शाल घेऊन उभी होती.

“अहो, किती वेळ लागला?”

“जायला नऊ तास,” मी म्हणालो, “यायला दहा मिनिटे.”