आधी प्रत

हार्ड डिस्क टकटक करायला लागली की माणूस ती बंद करत नाही, पुन्हा चालू करून बघतो. मग मुलगा बघतो, मग शेजारचा कॉम्प्युटरमधलं कळणारा कुणीतरी बघतो. एखादा ती तळहातावर आपटतो, एखादा पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवतो. हे सगळं उरकल्यावर ती सांगलीतल्या माझ्या टेबलावर येते आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं, "काका, काल तर चालू होत होती की!"

काल चालू होत होती, हीच तर अडचण असते.

गेलेला डेटा परत काढणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, यात सॉफ्टवेअरची काहीतरी जादू असणार. सॉफ्टवेअर लागतं, पण ते बऱ्याच उशिरा. आधीचं कसब हात आवरण्याचं आहे.

डिस्क सुरू झाली की डेटा वाचणारं हेड फिरत्या तबकडीवर जातं आणि आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या खुणा वाचायला बघतं. त्या सापडल्या नाहीत की मागे येऊन थांब्यावर आदळतं आणि पुन्हा निघतं. तीच ती टकटक. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी साडेतीन इंची तबकडी कडेला ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते आणि हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही कमी अंतर. या वेगात वाकडं झालेलं हेड टेकलं तर चुंबकीय थर खरवडला जातो आणि उडालेला भुगा बाकीच्या हेडांना खराब करतो. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमध्ये तबकडी काचेची असते. फार वेळ टकटकत ठेवलेली अशी डिस्क उघडली की कधीकधी तबकडीतून पलीकडचं दिसतं. फोटो जिथे होते, तिथे आता नुसती स्वच्छ काच. तिथून कुणीही काहीही परत आणू शकत नाही. मीही नाही आणि माझ्याहून दसपट पैसे घेणारी मुंबईतली प्रयोगशाळाही नाही.

उलट, ज्या डिस्कला लोक मेलेली म्हणून सोडून देतात, ती कधीकधी सगळ्यात सोपी निघते. बारा व्होल्टच्या एक्स्टर्नल डिस्कला कुणीतरी लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर लावलेला असतो. आवाज नाही, दिवा नाही. अशा वेळी बोर्डावरचा एक छोटा संरक्षक डायोड स्वतः जळून शॉर्ट होतो आणि पुष्कळदा बाकीचं सगळं वाचवतो. तो काढला की डिस्क फिरते. पण तेवढा धीर कुणाला? मार्केटमधून त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून तिचा बोर्ड बसवतात. जुन्या डिस्कना हे चालायचं. आता प्रत्येक डिस्कची तिच्या हेडांपुरती जुळणी बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये लिहिलेली असते. ती चिप नव्या बोर्डावर नेली नाही तर बोर्ड बदलून काही होत नाही.

डिस्क कशीबशी फिरायला लागली तरी मी फाइली शोधत नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर सेक्टर बाय सेक्टर पूर्ण प्रत घेतो. जे सहज वाचता येतं ते आधी, अडणारी जागा सोडून पुढे, आणि हट्टी सेक्टरांकडे सगळ्यात शेवटी. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअरही याच क्रमाने चालतं. कारण साधं आहे: दुखऱ्या जागेवर घासत बसलं तर चांगला भाग वाचायच्या आतच हेड जातं. दुरुस्ती करायची ती प्रतीवर. विंडोज सुरू होताना स्वतःहून डिस्क तपासायला लागते, तेव्हा ती नेमकं उलट करते, मरणाऱ्या डिस्कवरच लिहिते. ती तपासणी थांबवायला लोक घाबरतात. घाबरायला हवं ती चालू ठेवायला.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५. पाणी ओसरल्यावर दुकानादुकानांतून गाळाने भरलेले कॉम्प्युटर बाहेर निघाले. त्यातल्या बऱ्याच डिस्क लोकांनी उन्हात वाळवल्या, काहींनी हेअर ड्रायर लावला. डिस्कला श्वासाचं एक बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत जातं. ते वाळलं की गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. भिजलेली डिस्क ओलीच ठेवावी, हवाबंद पिशवीत घालून लगेच द्यावी, आणि वीज अजिबात लावू नये. माझं हे बोलणं त्या दिवसांत कुणाला पटलं नाही. ओली वस्तू वाळवू नका म्हणणारा माणूस वेडाच वाटणार.

डिस्क निरोगी कशी ठेवायची, हा प्रश्न मला नेहमी येतो. चालू असताना हलवू नका, यूपीएस लावा, आपटू नका. झालं. तब्येत दाखवणारी ॲप्स असतात, त्यांत 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्यावरून हलले तर त्याच दिवशी नवी डिस्क घ्यावी. पण शून्य दिसतंय म्हणून निर्धास्त झोपू नये. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी व्हायची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. मात्र बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. तापमानाचा संबंधही लोक समजतात तितका घट्ट निघाला नाही. तेव्हा थंडगार खोलीत जपलेली, सगळं हिरवं दाखवणारी डिस्कही उद्या सकाळी टकटक करू शकते.

फिरती तबकडी नसलेली एसएसडी आली तेव्हा धंदा बसणार, असं मला वाटलं नाही, फक्त वाईट बातमी जास्त वेळा सांगावी लागणार असं वाटलं. तिथे टकटक नाही, आगाऊ सूचनाही बऱ्याचदा नाही. वर, फाइल डिलीट केली की ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि ती जागा थोड्याच वेळात आतून खरोखर पुसली जाते. जुन्या डिस्कवर चुकून पुसलेलं लग्न मी परत दिलेलं आहे. एसएसडीवरचं बहुधा देता येत नाही.

आमच्याकडे एक लग्नाचे फोटोग्राफर येतात. त्यांच्याकडे दोन प्रती असायच्या, एकाच टेबलावर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लावलेल्या. विजेचा एक झटका दोघींना पुरला. आता तिसरी प्रत मिरजेला बहिणीच्या घरी असते.

परवा विचारत होते, "कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट कधी करायचं?"

म्हटलं, "मिरजेच्या डिस्कमधले दोन-चार फोटो उघडून बघितल्यावर. फोल्डर दिसला म्हणून नाही, फोटो उघडला म्हणून."

"अहो, लग्नसराईत एवढी कार्डं पुरायची कशी?"

"मग कार्डं घ्या की आणखी."

त्यांनी तिथेच फोन काढला आणि किमती बघायला लागले.